सातेरीच्या देवळाचा जीर्णोद्धार आणि गाभाऱ्यातील वारूळ

पाणंदवाट :

सर्वांना नमस्कार. माझे माहेर वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून पायी अर्ध्या तासावर आहे. श्री देवी सातेरी ही आमची ग्रामदेवता. देऊळ जांभ्या चिऱ्यांचे, छप्पर मंगलोरी कौलांचे आणि सभामंडपाचे खांब फणसाच्या लाकडाचे आहेत. गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नाही. तेथे कमरेएवढ्या उंचीचे वारूळ आहे, त्यावर देवीचा मुखवटा बसवतात आणि साडी नेसवतात. जन्मापासून मी देवीला त्याच रूपात पाहत आले.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुखवटा उजळण्यासाठी उतरवला, तेव्हा योगायोगाने मी तेथे होते. समईच्या उजेडात खालची माती प्रथमच जवळून पाहिली. जुना भाग घट्ट, तांबूस आणि हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला होता. पण जेथे मुखवट्याची हनुवटी टेकते तेथे दोन बोटे रुंदीची नवी माती चढली होती. ती ओलसर होती आणि तिचे मोहरीएवढे कण वेगवेगळे दिसत होते. मुखवटा पुन्हा बसवताना तो पूर्वीच्या जागी बसेना. गुरवकाकांनी नवी माती खरवडली नाही. मुखवट्याच्या मागे कापडाची घडी घालून त्यांनी तो थोडा पुढे बसवला आणि एवढेच म्हणाले, "तिने वाढवलेले आपण कमी करायचे नाही."

आता देवळाचा जीर्णोद्धार करण्याचे ठरत आहे आणि त्याची गरजही आहे. वासे कुजले आहेत, पश्चिमेच्या भिंतीतून पाणी झिरपते, दोन खांब वाळवीने पोखरले आहेत. मुंबईच्या मंडळींनी मनापासून वर्गणी जमवली आहे. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात सिमेंटचा स्लॅब, सभामंडपात ग्रॅनाइट, गाभाऱ्यात संगमरवर आणि वारुळाभोवती काचेची चौकट आहे. बैठकीत चर्चा झाली ती रंगाची आणि कळसाची. रात्री घरी तो कागद पुन्हा वाचताना माझी नजर एका ओळीवर अडली : "संपूर्ण चौथऱ्यास वाळवी प्रतिबंधक औषध प्रक्रिया." जिच्यासाठी देऊळ बांधायचे, तिचेच घर वाळवीने उभे केले आहे, हे त्या कागदावर कोणाच्याच लक्षात आलेले नाही.

ज्या गावांत सातेरी वारुळाच्या रूपात आहे, तेथे जीर्णोद्धाराच्या वेळी काय केले गेले? काम चालू असताना देवीचे स्थान हलवता येते का? आणि अशा बाबतीत देवीचा कौल (तिची संमती आहे की नाही याचे उत्तर) घ्यायचा झाला, तर तो कसा मागावा? मी गावची लेक आहे, मानकऱ्यांच्या घरातली नाही. त्यामुळे बैठकीत बोलण्यापूर्वी माहिती नीट असावी असे वाटते.

रानभेंडी :

पाणंदवाट ताई, आपण ती ओळ वाचलीत हे फार चांगले झाले. माझे बरेचसे आयुष्य सावंतवाडी आणि दोडामार्ग भागातील ग्रामदेवतांची देवळे पाहण्यात गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी किंवा सांतेरी या नावाने जी देवी पुजली जाते, तिचे मूळ रूप वारूळ हेच आहे. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तेथेही कित्येक गाभाऱ्यांत ती रोयणच पूजेला आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी वारूळ हे भूमीच्या सर्जनशक्तीचे प्रतीक असल्याचे सविस्तर मांडले आहे आणि रेणुका, यल्लम्मा यांच्या उपासनेशी त्याचा संबंध जोडला आहे. पण हे समजण्यासाठी ग्रंथापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे नागपंचमीला वारुळाची पूजा करतात आणि त्या दिवशी जमीन नांगरत नाहीत की खणत नाहीत. धार्मिक विधींना जी सप्तमृत्तिका लागते, तिच्यात नदीसंगमाच्या आणि गोठ्याच्या मातीबरोबर वारुळाचीही माती असते. श्रावणाच्या सुमारास याच वारुळांवर अळमी (खाण्याजोग्या छत्र्या) उगवतात आणि ती काढणारी माणसे वारूळ फोडत नाहीत, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी यायचे असते. पोटाशी आणि पेरणीशी जोडलेली ही श्रद्धा आहे. ज्या भूमीतून भात येते, तीच गाभाऱ्यात वर उचलून आली आहे, असा तिचा साधा अर्थ मी लावते.

पुढच्या काळात अनेक ठिकाणी वारुळापुढे पाषाणाची मूर्ती आली. बहुधा ती महिषासुरमर्दिनीची असते. मग मुखवटे आले, चांदीची प्रभावळ आली. यात वाईट काही नाही. प्रत्येक पिढीने आपल्या परीने देवीला सजवले. मात्र जुन्या माणसांनी जे काही आणले ते वारुळाच्या पुढे किंवा वर आणले, मुळाला हात लावला नाही. आपल्या गुरवकाकांनी कापडाची घडी घातली, त्यात ही सगळी रीत आली.

मी पाहिलेल्या एका देवळात (गावाचे नाव लिहीत नाही) जीर्णोद्धाराच्या वेळी वारुळाभोवती बुडापर्यंत फरशी बसवली आणि भेगा पांढऱ्या सिमेंटने भरल्या. पुढे तीन पावसाळे मी तेथे जात होते. वर नवी माती चढलेली एकदाही दिसली नाही. चौथ्या वर्षी माथ्याला चीर गेली, तेव्हा ती बुजवण्यासाठी बाहेरून माती आणून लेप दिला. पूजा आजही यथासांग होते, गर्दी पूर्वीपेक्षा वाढली आहे, पण जी माती आपोआप येत होती ती आता माणसाला आणावी लागते. मला ते पाहून फार वाईट वाटले होते.

आणखी एक विनंती. आपल्या देवळामागे राई (देवीच्या नावाने राखलेले रान) असेल तर जीर्णोद्धाराच्या ओघात तिच्याकडेही लक्ष ठेवा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. पण वाहनतळासाठी चार झाडे काढताना गावाला ते आठवत नाही. राई आणि गाभाऱ्यातील वारूळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्या वारुळाचे अन्न राईतल्या पालापाचोळ्यातून येते.

मांडवीकाठ :

गोव्याकडील थोडी भर घालतो. आमच्याकडे अनेक सांतेरी आज शांतादुर्गा या नावाने ओळखल्या जातात. शिव आणि विष्णू यांच्यातील युद्ध देवीने मध्ये उभे राहून शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा, अशी कथा सांगतात. नाव बदलले तरी मूळ स्थानाची ओढ गावाने सोडलेली नाही. पोर्तुगीज काळात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली, तशा कित्येक देवता नदीपलीकडे गेल्या. मूर्ती होती किंवा लिंग होते, म्हणून रात्रीतून डोक्यावर घेऊन जाता आले. वारूळ मात्र उचलून नेता येत नाही, ते जेथे आहे तेथेच राखावे लागते. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे : कलाकर्षण विधी करून देवतेचे तेज कलशात घेता येते आणि काम संपेपर्यंत त्या कलशाची पूजा बाहेरच्या मांडवात करता येते, स्थान मात्र हलत नाही.

बारापाच :

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आमच्या अखत्यारीतला आहे. आमच्या घराण्याकडे मालवण तालुक्यातील एका गावच्या देवस्थानाचा मान आहे आणि गेली तीस वर्षे मी गावऱ्हाटीच्या (गावातील देवकार्य आणि मानपान यांच्या परंपरागत व्यवस्थेच्या) कामात आहे. गावागणिक रीत बदलते, तेव्हा मी सांगतो ते आमच्याकडचे समजा आणि तुमच्या गुरवांना, घाडींना (देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालणाऱ्यांना) व मानकऱ्यांना विचारून पडताळा.

आमच्याकडे कौल पाषाणाला लावतात. देवाला गाऱ्हाणे घालून झाले की पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी सुटली तर उजवा कौल, म्हणजे संमती. डावीकडची सुटली तर नकार. पाकळी सुटायला कधी दोन मिनिटे लागतात, कधी दोन तास. त्या वेळात कोणी बोलत नाही, उठत नाही, घड्याळ पाहत नाही. काही गावांत तांदळाचा कौल घेतात. मार्ग कोणताही असो, खरी मेहनत असते ती प्रश्न मांडण्याची, आणि हल्ली तेथेच आम्ही कमी पडतो.

"बा देवी म्हाराजा, देवळाचा काम करूक बसलेले आसव, तुझो हुकूम आसा काय?" असे विचारले आणि उजवा मिळाला, तर त्याचा अर्थ काम करा एवढाच होतो. स्लॅब घाला, संगमरवर लावा, औषध मारा, हे सगळे त्यात येत नाही. लोक मात्र त्या एका कौलावर सगळे अंदाजपत्रक मंजूर झाले असे धरून चालतात. प्रत्येक बाब स्वतंत्र मांडावी लागते. शिवाय देवीपुढे प्रश्न ठेवण्याआधी ती गोष्ट गावाला पूर्ण समजलेली असली पाहिजे. औषधाने वारुळातला जीव मरणार हे कोणी सांगितलेच नाही आणि कौल घेतला, तर अज्ञानाचे ओझे आपण देवीवर टाकल्यासारखे होईल. म्हणून आधी बैठक, त्यात खुलासा, मग गाऱ्हाणे, मग कौल, हा क्रम सोडू नका.

कौलाचे महत्त्व कमी झाले आहे असेही समजू नका. आमच्याच तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. लाखो माणसे जिची वाट पाहतात, त्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल होतो, मग तारीख जाहीर होते, आणि तेव्हा कोठे मुंबईचा चाकरमानी रजा टाकतो व गाडीचे आरक्षण शोधतो. देवीच्या शब्दासाठी एवढे थांबणारी माणसे गाभाऱ्याच्या फरशीसाठी महिनाभर नक्कीच थांबतील.

आणि तुम्ही गावची लेक म्हणून संकोच करता, तो करू नका. बोलण्याचा मान घाडी-गुरवांचा असतो हे खरे, पण गाऱ्हाण्यात आम्ही "लेकी-माहेरवाशिणी" असे म्हणूनच सर्वांसाठी मागतो. ज्यांच्यासाठी मागतो त्यांना विचारता येत नाही, असे कोणत्याही गावऱ्हाटीत नाही. आधी गुरवकाकांना भेटा. ते तुमच्या बाजूने उभे राहतील असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते.

व्यवहाराची एक गोष्टही सांगून ठेवतो. सिंधुदुर्गातील बरीच देवस्थाने कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. तुमचे देवस्थान त्या यादीत असेल तर बांधकामाला समितीची परवानगी लागते. आराखडा आधी पक्का करा आणि मगच अर्ज करा, नाहीतर बदलासाठी पुन्हा फेऱ्या होतात.

चिरेखाण :

मी स्थापत्य अभियंता आहे आणि कुडाळ परिसरात जुन्या घरांची व देवळांची दुरुस्ती करतो. येथील चर्चा वाचून तातडीने लिहिणे भाग पडले, कारण "गाभारा सोडून बाकी ठिकाणी औषध मारा" अशी तडजोड बैठकीत सुचवली जाण्याची दाट शक्यता आहे आणि ती तडजोड पुरेशी नाही.

वारूळ मुंग्यांचे म्हटले जात असले तरी ते वाळवी बांधते. जमिनीच्या वर दिसते तो त्या घराचा एक भागच असतो. राणी आणि बुरशीच्या बागा आत व खाली असतात, आणि कामकरी वाळवी जमिनीखालच्या बोगद्यांतून कित्येक मीटर दूर जाऊन वाळलेला पाला, गवत आणि लाकूड आणते. नवीन बांधकामात वाळवी प्रतिबंधाची जी पद्धत वापरतात, ती भारतीय मानक ६३१३ मध्ये दिलेली आहे. तिच्यात चौथऱ्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर औषधी द्रावण टाकतात आणि पायाच्या कडेनेही ते सोडतात. यासाठी क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड वापरले जाते. यांपैकी इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला वासही येत नाही. ती त्या मातीतून जाते, अंगाला लागलेले विष घरी नेते आणि एकमेकींना चाटताना ते सगळ्या वसाहतीत पसरते. ते औषध त्यासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे सभामंडपात मारलेले औषध वाळवी स्वतःच्या पायांनी गाभाऱ्यात नेईल. ती ओळ अंदाजपत्रकातून पूर्णपणे काढावी लागेल.

मग खांबांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या पूर्वजांनी वाळवीबरोबर राहूनच देवळे बांधली, तेव्हा त्यांची युक्ती पाहू. जुने खांब जमिनीत पुरलेले नसतात, ते तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभे असतात. पोखरलेले दोन खांब तपासा. माझा अंदाज असा की पुढे कधीतरी कोबा किंवा फरशी घालताना जमिनीची पातळी वाढली असेल आणि तळखडा बुजून लाकूड थेट मातीला किंवा सिमेंटला टेकले असेल. तसे असेल तर फरशी काढून तळखडे मोकळे करा, खांबाचा कुजलेला बुंधा कापून तेथे दगडाची उंची वाढवा, आणि लाकूड व दगड यांच्यामध्ये तांब्याचा पत्रा चारी बाजूंनी बाहेर वाकवून बसवा. वाळवीला त्यावरून चढायचे तर मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते, आणि ती नळी रोज झाडलोट करणाऱ्याच्या नजरेत भरते. लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे, तीही उपयोगी आहे. नवे लाकूड घ्याल तर फणस किंवा जुना साग घ्या.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल थोडक्यात : जांभा सच्छिद्र असतो. आपल्याकडच्या सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात तो पाणी पितो आणि पुढे उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की आत गेलेले पाणी अडकते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा करा आणि त्या बाजूची पागोळी दीड-दोन फूट पुढे काढा. निम्मी गळती तेथेच थांबेल.

गाभाऱ्यातील जमीन मात्र मातीचीच ठेवावी. शेणाने सारवलेली असेल तर उत्तम. फारच आग्रह असेल तर वारुळापासून तीन-चार फूट सोडून पुढे जांभ्याच्या लाद्या कोरड्या बसवा, सांध्यात सिमेंट नको. काचेची चौकट मी कधीही बसवू देणार नाही. वारुळाच्या भिंतीतून हवा खेळते, आतला दमट उबारा बाहेर पडतो, आणि पावसाळ्यात त्या काचेवर आतून पाणी साचून मुखवटाही दिसणार नाही. स्लॅबबद्दल माझे मत विरुद्ध आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे. तूर्त एवढेच सांगतो की कौले काढून पुन्हा शाकारणे स्लॅबपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

बारापाच :

चिरेखाण साहेबांनी उपयुक्त माहिती दिली. एका मुद्द्यावर मात्र थोडा वेगळा विचार नोंदवतो. काही गावांत वारुळातली वाळवी केव्हाच निघून गेली आहे, माती दगडासारखी झाली आहे, आणि तरीही देवी जागृत आहे असा गावाचा अनुभव आहे. शेणसडा घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला "आत जीव आहे का" हा प्रश्न पडत नाही, आणि पडूही नये. वाळवी गेली म्हणजे देवी गेली, असे कोणी ऐकून घाबरू नये. आपल्या हाताने तिला घालवू नये, एवढेच.

रानभेंडी :

बारापाच दादा, आपले म्हणणे मान्य आहे. माझ्या लिहिण्यातून त्या देवळातली देवी उणी झाली असा अर्थ निघत असेल तर तो माझा दोष. त्या गावच्या सुवासिनी आजही तितक्याच मनोभावे ओट्या भरतात आणि मीही भरते.

पाणंदवाट :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात गावी जाऊन आले, म्हणून काय झाले ते कळवते.

आधी गुरवकाकांकडे गेले. अंदाजपत्रकातील ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन त्यांनी एक जुनी पत्र्याची डबी आणली. तिच्यात मुखवट्यामागे घालायच्या कापडाच्या घड्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या, एकापेक्षा एक जाड. माती जसजशी वाढली तसतशी घडी बदलत गेली. बैठकीला ते ती डबी घेऊन आले आणि सर्वांपुढे त्यांनी घड्या ओळीने मांडल्या. वारूळ वाढते आहे हे मी अर्धा तास सांगून जितके पटले नसते, तितके त्या पाच-सहा घड्यांनी पटले. मुंबईच्या मंडळींपैकी ज्यांनी संगमरवराचा खर्च उचलायचे कबूल केले होते, ते स्वतःच म्हणाले की तो पैसा छपराला लावा.

ठेकेदाराने औषधाची ओळ काढली आहे. खांबांच्या बुंध्याशी खणून पाहिले. चिरेखाण साहेबांचा अंदाज बरोबर निघाला : कोब्याखाली वीतभर तळखडे बुजलेले सापडले. काचेची चौकट रद्द झाली. स्लॅबवर मात्र एकमत झालेले नाही. तरुण मुलांचे म्हणणे असे की दर दोन वर्षांनी कौले शाकारायला माणसे मिळत नाहीत, आणि ते खोटे नाही. म्हणून तो एकच प्रश्न देवीपुढे ठेवायचे ठरले आहे. गाऱ्हाण्यातले शब्द घाडीकाकांनी बैठकीतच सर्वांना ऐकवले आणि त्यात कौलांचा व स्लॅबचा स्वतंत्र उल्लेख केला. कौल येत्या सोमवारी सकाळी आहे.

चिरेखाण साहेबांना एक विचारायचे आहे. कौलारू छप्परच ठेवायचे झाले, तर वासे बदलण्याचे काम चालू असताना वारुळावर ऊन आणि कदाचित अवकाळी पाऊसही पडेल. त्यावर आच्छादन कशाचे करावे? प्लास्टिकच्या ताडपत्रीने आत घाम धरेल असे वाटते.

चिरेखाण :

बरोबर ओळखलेत, ताडपत्री थेट वारुळावर नको. वारुळापासून निदान हातभर अंतर सुटेल असे चार बांबू रोवा आणि त्यांवर माडाच्या झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) दुहेरी मांडव घाला. बांबूंसाठी खड्डे गाभाऱ्याच्या कोपऱ्यांतच घ्या आणि वारुळाच्या दिशेने पहार मारू नका. ताडपत्री हवी असेल तर ती झापांच्या वर, उतार देऊन, बाजू उघड्या ठेवून बांधा. काम होळीनंतर काढा आणि वासे एका वेळी एकाच पाख्याचे (छपराच्या एका उताराचे) बदला, म्हणजे गाभारा पूर्ण उघडा कधीच पडणार नाही. सोमवारी उजवा-डावा काय होतो ते कळवा. कौले ठरली तर जुनी मंगलोरी कौले कोठे मिळतील ते सांगतो.